संगणकाचा स्वस्त पडदा : काटकसर कोठे होते?

संगणकाची आकडेमोड पेटीच्या आत चालते. पण तिचे फळ आपल्या डोळ्यांपर्यंत पोचते ते पडद्यावरून. म्हणून पडदा, म्हणजेच मॉनिटर, विकत घेताना पुष्कळ घरांत चर्चा होते. दहा हजार रुपयांच्या आत मिळणारे पडदे बाजारात अनेक आहेत. तेवढ्याच आकाराचे, पण दुप्पट-तिप्पट किमतीचे पडदेही शेजारीच मांडलेले असतात. दोन्ही खोक्यांवरचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात. मग फरक कशाचा?

मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरात हा प्रश्न अधिकच खरा आहे. लहान घरात बहुधा एकच टेबल असते. त्याच पडद्यावर मुलांचा अभ्यास होतो, घरातील मोठ्यांचे कार्यालयीन काम होते आणि रविवारी सगळ्यांनी मिळून चित्रपटही पाहिला जातो. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एकदम दहा पडदे घेणाऱ्या शिक्षकांपुढेही हीच अडचण असते : पैसे मोजकेच आहेत, आणि घेतलेली वस्तू पाच-सात वर्षे चालवायची आहे.

स्वस्त पडदा म्हणजे वाईट पडदा नव्हे. किंमत उतरविण्यासाठी कारखानदाराने काही ठरावीक ठिकाणी काटकसर केलेली असते. ती ठिकाणे कोणती आणि त्यांतील कोणती आपल्या कामाच्या आड येतात, एवढे समजले की निवड सोपी होते. त्यासाठी थोडे पदार्थविज्ञान लागते आणि काही सोपे प्रयोग. उपकरणे घरचीच आहेत.

खाडीवरील चकाकी

भाईंदरहून नायगावकडे जाताना लोकलगाडी वसईच्या खाडीवरील पुलावरून जाते. सकाळी नऊ-साडेनऊच्या किंवा दुपारी चारच्या सुमारास सूर्याच्या दिशेला पाणी पाहिले, तर चकाकीने डोळे दिपतात. मिठागरांच्या वाफ्यांत साचलेल्या संथ पाण्यावरही असेच होते. आता ध्रुवक काचांचा, म्हणजे दुकानात ज्याला पोलराइज्ड म्हणतात तसा, उन्हाचा चष्मा लावून पाहा. चकाकी एकदम कमी होते. चष्मा काढून डोळ्यांसमोर धरा आणि काटकोनात फिरवा. चकाकी पुन्हा दिसू लागते. (खुद्द सूर्याकडे मात्र कोणत्याही चष्म्यातून पाहू नका.)

असे का व्हावे? प्रकाश हा तरंग आहे आणि त्याची कंपने प्रवासाच्या दिशेला काटकोनात असतात. सूर्यप्रकाशात ही कंपने उभी, आडवी, तिरपी अशी सर्व दिशांची असतात. पाण्याच्या पृष्ठावरून परावर्तन झाल्यावर मात्र मुख्यतः आडवी कंपने उरतात. पृष्ठावरील लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन असताना हा परिणाम सर्वांत तीव्र असतो. अशा निवडक कंपनांच्या प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. चष्म्याची काच फक्त उभी कंपने जाऊ देते, म्हणून चकाकी अडते. स्टीलच्या ताटावरील चकाकी याच चष्म्यातून पाहिली तर ती फारशी कमी होत नाही. कारण धातूवरून परावर्तित झालेला प्रकाश असा स्पष्टपणे ध्रुवित होत नाही.

आता तोच चष्मा संगणकाच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत पडदा जवळजवळ काळा पडेल. साध्या गणकयंत्राच्या आकड्यांवरही हा प्रयोग करता येतो. याचा अर्थ असा, की पडद्यातून बाहेर येणारा प्रकाश ध्रुवितच असतो. पडद्याचे सारे काम या एका गोष्टीवर चालते.

पडद्याच्या आत

दुकानात ज्याला एलईडी मॉनिटर म्हणतात, त्यात एलईडीचे काम फक्त मागून उजेड पुरविण्याचे असते. चित्र तयार होते ते एलसीडीत, म्हणजे द्रव-स्फटिकांच्या थरात. मागच्या बाजूला पांढरा उजेड, त्यापुढे एक ध्रुवक, मग दोन काचांमध्ये द्रव-स्फटिकांचा पातळ थर, त्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या गाळण्या आणि शेवटी दुसरा ध्रुवक, अशी ही रचना आहे. द्रव-स्फटिकांचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट एवढाच जाड असतो.

द्रव-स्फटिक हा चमत्कारिक पदार्थ १८८८ साली फ्रीडरिश राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला प्राग येथे आढळला. कोलेस्टेरॉलपासून बनविलेला एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव होई, आणि तोच द्रव १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ होई. जणू त्या पदार्थाला दोन वितळबिंदू होते! मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे लांबट रेणू स्फटिकाप्रमाणे एका दिशेने रांगेत राहतात. विजेचा दाब दिला की या रेणूंची दिशा बदलते आणि त्यांच्यातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची कंपनेही बदलतात. समोरचा ध्रुवक मग तो प्रकाश कमी किंवा अधिक प्रमाणात जाऊ देतो. प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक झडप होय.

या रचनेत उजेडाची फार नासाडी होते. पहिला ध्रुवक निम्मा प्रकाश अडवितो, रंगाच्या गाळण्या उरलेल्यातील सुमारे दोन-तृतीयांश गिळतात आणि इतर थरही आपला वाटा घेतात. मागे लावलेल्या शंभर भाग उजेडापैकी जेमतेम पाच ते दहा भाग आपल्यापर्यंत पोचतात. म्हणून उजळ पडद्याला अधिक एलईडी आणि चांगले परावर्तक पत्रे लागतात. काटकसरीची पहिली जागा हीच.

काड्यापेटीतील काड्या आणि तीन जाती

द्रव-स्फटिकांची झडप तीन प्रकारे बांधतात. टीएन या प्रकारात वीज नसताना रेणूंची रांग जिन्याप्रमाणे पीळ घेत काटकोनात वळते आणि वीज दिली की रेणू उभे राहतात. ही रचना स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेलफ्रिश यांनी १९७० साली मांडली. आयपीएस या प्रकारात रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात. व्हीए प्रकारात वीज नसताना रेणू काचेवर उभे असतात आणि वीज दिली की आडवे कलतात.

हा फरक समजण्यासाठी काड्यापेटीतील एक काडी टेबलावर आडवी ठेवा आणि दुसरी थोड्या मातीत तिरपी रोवा. तिरप्या काडीकडे एका बाजूने पाहिले तर ती आखूड दिसते आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर लांब. आडव्या काडीला टेबलावरच कसेही फिरवा; वरून दोन्ही बाजूंनी ती जवळपास सारखीच दिसते. टीएन पडद्यातील रेणू तिरप्या काडीसारखे असतात, म्हणून खालून पाहिल्यास चित्र काळवंडते किंवा रंग उलटेसुलटे दिसतात. आयपीएस पडद्यात असे फारसे होत नाही.

टीएन पडद्याचा हा दोष कमी करण्यात भारतीय संशोधनाचाही वाटा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव-स्फटिक शोधून काढले. (तारकांवर संशोधन करणारे चंद्रशेखर ते हे नव्हेत.) अशा चकत्यांसारख्या रेणूंचा पातळ पापुद्रा पुढे टीएन पडद्यांवर बसविण्यात येऊ लागला आणि त्यामुळे ते तिरक्या कोनातूनही बरे दिसू लागले.

खोक्यावर ‘१७८ अंशांपर्यंत स्पष्ट’ असे छापलेले असते. त्यावर फार विसंबू नका. पांढरा भाग काळ्या भागाच्या केवळ दहा पट उजळ उरला, तरी तो कोन बहुधा ‘स्पष्ट’ धरला जातो. त्याऐवजी दुकानात माणसाच्या चेहऱ्याचे चित्र लावून घ्या आणि पडद्यापुढे उभे राहून, बसून, डावीकडून व उजवीकडून पाहा. एका टेबलाभोवती तिघे बसणार असतील, तर ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची.

काळे किती काळे?

सर्व झडपा बंद केल्या तरी थोडा उजेड झिरपतोच. आयपीएस पडद्यात पांढरा ठिपका काळ्याच्या सुमारे १००० पट उजळ असतो. व्हीए पडद्यात सुमारे ३००० पट. याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. रात्री दिवा मालवून पूर्ण काळे चित्र लावले, तर स्वस्त आयपीएस पडद्याचे कोपरे करडे, धुरकट दिसतात. व्हीए पडदा अधिक काळा दिसतो.

पण दिवा लावल्यावर काय होते? थोडे गणित करू. पांढऱ्याची तेजस्विता २५० एकके धरा. दर चौरस मीटरला एक कँडेला हे ते एकक. मग काळ्याची तेजस्विता आयपीएसमध्ये ०.२५ आणि व्हीएमध्ये सुमारे ०.०८ होईल. आता खोलीतील उजेड पडद्यावरून पसरून दोन्हींत २ एककांची भर घालतो, असे समजा. आयपीएसचे गुणोत्तर २५२ भागिले २.२५, म्हणजे ११२ होईल. व्हीएचे २५२ भागिले २.०८, म्हणजे १२१. अंधारातील तिपटीचा फरक उजेडात जवळजवळ नाहीसा झाला! दिवसा अभ्यास करणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ‘एक कोटीस एक’ असा आकडा दिसला तर तो मागचा उजेडच कमी-जास्त करून काढलेला असतो. एका वेळी एका चित्रात तो कधीच मिळत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. पडदा पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवला, तर दुपारच्या उन्हात महागडा पडदाही फिका पडतो. पडदा खिडकीला काटकोनात ठेवणे हा बिनपैशाचा सुधार आहे. पडद्याचा पृष्ठभागही पाहा. नव्या कोऱ्या ताटात चेहरा दिसतो. घासून घासून जुने झालेल्या ताटात दिसत नाही, कारण सूक्ष्म ओरखडे प्रकाश चहूकडे पसरवितात. बहुतेक स्वस्त पडद्यांचा पृष्ठभाग असाच किंचित खरखरीत, मॅट असतो. मोठ्या खिडकीच्या खोलीत हा त्यांचा गुणच आहे.

ठिपके मोठे की पडदा मोठा?

स्वस्त पडद्यांत बहुधा आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग. म्हणजे एकूण ६२,२०,८०० झडपा. ते पाहण्यासाठी काडीच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब पांढऱ्या पडद्यावर ठेवा. थेंब बहिर्गोल भिंगाचे काम करतो आणि तीन रंगांच्या पट्ट्या दिसतात. मग मऊ कापडाने थेंब लगेच टिपून घ्या. तो कडेला ओघळू देऊ नका.

आता आकाराचा विचार करू. २४ इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर असते, म्हणून एक ठिपका सुमारे ०.२७ मिलिमीटरचा होतो. २७ इंची पडद्यावर ठिपक्यांची संख्या तीच ठेवली, तर तो सुमारे ०.३१ मिलिमीटरचा होतो. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखता येतो. या हिशेबाने पहिल्या पडद्याचे ठिपके सुमारे ९४ सेंटिमीटर अंतरापर्यंत वेगळे जाणवू शकतात आणि दुसऱ्याचे १०७ सेंटिमीटरपर्यंत. टेबलाशी बसणारा माणूस साधारण ६० सेंटिमीटरवर असतो.

मराठी वाचणाऱ्याला ही गोष्ट अधिक जाचते. ‘प’ आणि ‘ष’ यांत पोटातील एका तिरप्या रेघेचाच फरक आहे. अनुस्वार म्हणजे तर एक टिंब. तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला पहिल्या पडद्यावर सुमारे ११ ठिपके मिळतात आणि दुसऱ्यावर नऊ-दहा. शिरोरेखा, वरची मात्रा, रफार आणि खालचा उकार एवढ्यात बसवायचे! म्हणून थोड्या पैशांत ‘मोठा’ पडदा मिळतो म्हणून भुलू नका. ठिपके तेवढेच असतील, तर मोठ्या पडद्यावर मजकूर वाढत नाही, फक्त फुगतो. वाचन-लेखनासाठी २२ ते २४ इंच हे माप अधिक चांगले.

रंगांची मोजणी

चांगल्या पडद्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. तीन रंगांच्या मिश्रणाने २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ छटा होतात. अनेक स्वस्त पडद्यांत प्रत्यक्ष पायऱ्या ६४च असतात, म्हणजे छटा २,६२,१४४. मधली छटा हवी असेल तेव्हा ठिपका शेजारच्या दोन पायऱ्यांवर झपाट्याने आलटून-पालटून ठेवतात आणि आपला डोळा त्यांची सरासरी काढतो. या युक्तीने प्रत्येक रंगाच्या २५३ पायऱ्या भासतात, आणि २५३चा घन सुमारे १ कोटी ६२ लाख येतो. माहितीपत्रकात १.६७ कोटींऐवजी १.६२ कोटी रंग लिहिलेले दिसले, तर ही युक्ती वापरली आहे असे समजावे. निरभ्र संध्याकाळच्या आकाशाचे चित्र लावून पाहा. एकसंध छटेऐवजी पट्टे दिसले तर पायऱ्या कमी पडत आहेत.

मागील उजेडाचाही यात संबंध आहे. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणारा लेप लावून पांढरा उजेड तयार करतात. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पांढऱ्या उजेडात शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा भाग कमी असतो. साध्या लेपाच्या आणि फिक्या गाळण्यांच्या पडद्यावर म्हणूनच टोमॅटो विटकरी दिसतो. गणित, लेखन, प्रोग्रामिंग यांना त्याची बाधा नाही. पण छपाईचे, छायाचित्रांचे किंवा कापडाच्या रंगसंगतीचे काम करणाऱ्याने येथे काटकसर करू नये. खोक्यावर एसआरजीबी रंगकक्षेची टक्केवारी शंभराच्या जवळ असेल तर उत्तम.

वेगाचे आकडे

जुन्या स्वस्त पडद्यांवर सेकंदाला ६० चित्रे उमटत. आता ७५ किंवा १०० चित्रांचे पडदेही स्वस्तात मिळतात. ६० चित्रांच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद राहते, १०० चित्रांच्या पडद्यावर १० मिलिसेकंद. मजकूर सरकविताना आणि खेळ खेळताना हा फरक जाणवतो. मात्र ‘१ मिलिसेकंद’ हा ठळक आकडा सावधपणे वाचा. त्यापुढे एमपीआरटी अशी अक्षरे असतील, तर मागचा उजेड क्षणोक्षणी बंद-चालू करून तो मिळविलेला असतो आणि त्यासाठी पडद्याचा उजळपणा खर्ची पडतो. झडपांचा खरा वेग पाहायचा असेल, तर काळ्या पानावरील करडी अक्षरे भरभर सरकवा. स्वस्त व्हीए पडद्यावर अक्षरांमागे सावलीची शेपटी दिसते.

डोळे, मान आणि विजेचे बिल

काही पडद्यांत उजेड मंद करण्यासाठी एलईडी सेकंदातून शेकडो वेळा विझवून पेटवितात. काही जणांचे डोके त्याने दुखते. पडदा मंद करून त्याच्यासमोर पेन्सिल वेगाने हलवा. पेन्सिलीची सलग पुसट छाया न दिसता अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या, तर उजेड लुकलुकत आहे. दुकानातच करता येईल अशी ही परीक्षा आहे. निळ्या प्रकाशाची भीती मात्र वाढवून सांगितली जाते. दिवसा मोकळ्या आकाशाखाली डोळ्यांत जाणारा निळा प्रकाश पडद्याच्या कितीतरी पट असतो. खरा त्रास होतो तो एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होण्याने. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहावे.

स्वस्त पडद्याची बैठक बहुधा फक्त मागे-पुढे कलते. उंची बदलत नाही. त्यामुळे मान वाकते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल इतपत जाड पुस्तके किंवा पाट खाली ठेवला, की हा दोष जवळजवळ फुकटात दूर होतो. मागे १०० मिलिमीटर अंतरावर चार भोके असतील तर पुढे भिंतीवरही बसविता येईल. संगणक एचडीएमआय तारेने जोडावा. जुन्या व्हीजीए तारेतून संकेत आकड्यांच्या रूपात न जाता विजेच्या चढउतारांच्या रूपात जातो, आणि त्या रूपांतरात अक्षरांच्या कडा बोथट होतात.

विजेच्या बाबतीत मात्र स्वस्त पडदाही किफायतशीर आहे. २४ इंची पडदा साधारण २० वॉट घेतो. रोज पाच तास वापरला, तर महिन्याला ३ युनिट. काचेच्या मोठ्या नळीचा जुना पडदा ८० वॉट घेत असेल, तर १२ युनिट होत. असा जुना पडदा घरात पडून असल्यास तो भंगारात फोडायला देऊ नका. त्याच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे जायला हवा.

मग घ्यावा कोणता?

वाचन, लेखन, अभ्यास आणि घरचा हिशेब एवढेच काम असेल, तर २२ ते २४ इंची, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, एचडीएमआय असलेला स्वस्त आयपीएस पडदा पुरेसा आहे. दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याने व्हीए पाहावा. रंगांचे काम असेल तर किंमत वाढवावी. घेताना पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे आणि निळे अशी पाच चित्रे लावून मेलेला ठिपका आहे का ते पाहावे. किती मेलेल्या ठिपक्यांवर कंपनी पडदा बदलून देते, हेही पैसे देण्यापूर्वी विचारावे.

शिक्षकांनी शाळेतील दोन-तीन वेगवेगळे पडदे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून या परीक्षा करून घ्याव्यात. कोन, काळेपणा, अक्षरे, रंगांचे पट्टे आणि लुकलुक असे पाच रकाने आखा आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्या. खोक्यांवरचे आकडे मात्र आधी झाकून ठेवा. गुण देऊन झाल्यावर ते उघडा आणि किंमतही शेजारी लिहा. सर्वांत महाग पडदा प्रत्येक रकान्यात पहिला येतोच असे नाही, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.